सांभर सरोवर: जानेवारीत अडीच दिवस आहेत, कुठल्या काठावरून बघावं?

शेकाट्या

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून आम्ही चौघं पक्षी बघायला जयपूरमार्गे राजस्थानातल्या सांभरला जाणार आहोत. हाताशी अडीच दिवस. भिगवण आणि ठाण्याची खाडी सगळ्यांच्या पायाखालची आहे, पण इतकं मोठं खारं सरोवर कुणीच पाहिलेलं नाही. नकाशावर चहूबाजूंनी रस्ते दिसतात आणि मधे नुसता पांढरा पट्टा, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

१. राहायचं आणि बघायचं कुठल्या बाजूला? सांभर गाव, झापोक, शाकंभरी मंदिर की नावा?
२. भिगवणसारखी नाव मिळते का? नसेल तर पक्ष्यांच्या किती जवळ जाता येतं?
३. सामान: ६५ मिमीचा स्कोप (ट्रायपॉडवरची लांब पल्ल्याची दुर्बीण), तीन ८×४२ दुर्बिणी, एक १५०-६०० लेन्स. एवढ्यावर भागेल का?
४. सोबत सत्तरीच्या काकू आहेत. चालतात चांगल्या, पण चिखलात नको.
५. २०१९ मध्ये तिथे पक्षी मोठ्या संख्येने मेले होते. आता काय काळजी घ्यायची?

---

रणगोजा

आधी नावेचं. नाव नाही, आणि असून उपयोगही नसता. सांभर म्हणजे परात आहे. चांगल्या पावसानंतर खोल भागात तीनेक मीटर पाणी असतं, उन्हाळ्याकडे ते फूट-दोन फुटांवर येतं, आणि काठाच्या पट्ट्यात तर घोटाही बुडत नाही. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी कुठे ३ तर कुठे ११. उतार इतका कमी की पातळी चार बोटं खाली गेली तरी काठ शेकडो मीटर आत सरकतो. म्हणून 'गेल्या वर्षी अमुक ठिकाणी हजारो रोहित (फ्लेमिंगो) होते' या माहितीवर गाडी काढू नका. गेल्या वर्षीचा काठ यंदा त्या जागी नसतो.

सांभरची सहल तारखेवर नाही, पाण्यावर ठरते. पाऊस कमी झाला असेल तर मुख्य सरोवर डिसेंबरातच आक्रसतं आणि पक्षी मिठागरांत, गावाकडच्या गोड्या तळ्यांत आणि सांडपाण्याच्या डबक्यांत गोळा होतात. संख्या कमी, पण दर्शन जवळून. पाऊस भरपूर झाला असेल तर दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी पसरतं आणि पक्षीही त्यावर पसरतात. आकडा मोठा, पण सगळं क्षितिजावरची गुलाबी रेघ. लोक 'यंदा पाणी खूप आहे, मजा येईल' म्हणून जातात आणि हिरमुसून परततात. तुमच्यासाठी मधलं वर्ष सर्वांत चांगलं.

निघण्याच्या आठवडाभर आधी कोपर्निकस ब्राउझर हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा. फुकट आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी येतात आणि राजस्थानात जानेवारीत ढग फारसे आड येत नाहीत. नेहमीच्या रंगातलं चित्र इथे फसवतं, कारण कोरडं मीठ आणि उथळ पाण्यातून दिसणारा पांढरा तळ सारखेच दिसतात. तिथेच 'एसडब्ल्यूआयआर' (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचं चित्र) नावाचा पर्याय आहे, तो निवडा. पाणी काळंशार दिसतं, कोरडा मिठाचा थर उजळ, आणि ओला चिखल या दोहोंच्या मधला. काळ्या आणि उजळ रंगामधला जो अरुंद मळकट पट्टा, तीच तुतवार (सँडपायपर) आणि चिखल्यांची (प्लोव्हर) जागा. आधीच्या दोन चित्रांशी ताडून पाहा म्हणजे काठ कोणत्या बाजूला आणि किती वेगाने सरकतोय तेही कळेल.

आता काठ कुठला. याचं उत्तर सूर्य देतो. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, दिवसभर दक्षिणेकडून जातो आणि सहाच्या सुमारास नैर्ऋत्येला मावळतो. म्हणजे उत्तर काठावर, नावा गावाकडे, उभं राहून दक्षिणेला बघितलंत तर दिवसभर ऊन डोळ्यांत आणि पक्षी काळे ठिपके. दक्षिण काठ धरा: सांभर गाव, झापोक, पुढे शाकंभरी. पाठीवर ऊन आणि समोर पाणी.

झापोकपासून उत्तरेला गुढ्यापर्यंत सुमारे ५.१ किलोमीटरचा दगडी बांध आहे. तो सरोवराचे दोन भाग करतो. पश्चिमेला मोठं पाणी, पूर्वेला मिठाचे साठवण-तलाव आणि आगरं. बांध साधारण दक्षिणोत्तर असल्याने एकाच जागेचे दोन उपयोग होतात: सकाळी पश्चिमेकडे तोंड करून मोठं पाणी बघा, संध्याकाळी वळून आगरांकडे. उंची थोडी मिळते, पाय कोरडे राहतात, काकूंसाठी खुर्ची टाकता येते. मात्र बांध आणि आगरं सरकारी मीठ कंपनीच्या ताब्यात आहेत. सांभर गावात त्यांच्या कार्यालयात आदल्या दिवशी रीतसर विचारून घ्या. पहाटे सहाला फाटकावरच्या रखवालदाराशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

शाकंभरी मंदिराची बाजू दुपारनंतर. ऊन नैर्ऋत्येला झुकलेलं असतं, तुम्ही ईशान्येला बघता. मंदिराच्या टेकाडावरून आधी दुर्बिणीने सगळा पट्टा चाळून घ्या, मगच कुठे उतरायचं ते ठरवा.

अडीच दिवस असे लावा: पहिली दुपार सांभर गावालगतची गोडी तळी आणि जवळची आगरं, दुसरी सकाळ बांध, दुसरी दुपार शाकंभरी, तिसरा दिवस जिथे सर्वांत चांगलं दिसलं तिथेच पुन्हा. नवी जागा शोधू नका. मुक्काम सांभर गावातच करा. जयपूर ऐंशीएक किलोमीटरवर आहे, तिथून पहाटे निघून येऊ म्हणणारे पोचेपर्यंत उजेडाचा चांगला तास संपलेला असतो. रेल्वेने येणार असाल तर फुलेरा जंक्शन अगदी जवळ. फुलेऱ्याहून जोधपूरकडे जाणाऱ्या गाडीत सांभर ते गुढा या टप्प्यात दोन्ही खिडक्यांकडे लक्ष ठेवा, रूळ सरोवराच्या पूर्व टोकातूनच जातात.

---

खारेपाट

रणगोजांनी मोठं पाणी सांगितलं, मी आगरांचं सांगतो. बरेच जण तिथून 'काही नाही' म्हणत पुढे जातात, कारण चुकीच्या क्यारीसमोर थांबतात.

मीठ टप्प्याटप्प्याने पिकतं. आधी विरळ खारं पाणी, मग ते आटवत आटवत पुढच्या क्यारीत. मीठवाले घट्टपणा बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी साडेतीन अंशांच्या आसपास, आणि २५ अंशांच्या पुढे मीठ खाली बसायला लागतं. पक्षी सगळे सुरुवातीच्या टप्प्यांत. शेवटच्या क्यारीत खाण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

बोमेमापक बरोबर नेण्याची गरज नाही, रंग बघा. हिरवट-करडं पाणी आणि काठाला फेस: थांबा, स्कोप लावा. तपकिरी-केशरी: अव्होसेट आणि शेकाट्या हे लांब पायांचे पाणपक्षी असू शकतात. लालभडक किंवा गुलाबी: फोटो काढा आणि निघा. तो लाल रंग ड्युनालिएला नावाच्या शेवाळाचा आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. २०२० च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं होतं ते याच जातीच्या सूक्ष्मजीवांमुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं होतं. फरक एवढाच की लोणारला बातमी झाली, इथे ते रोजचं आहे.

छोटा रोहित निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, म्हणून हिरवट पाण्यावर त्याची गर्दी. मोठा रोहित तळाचा चिखल ढवळून अळ्या आणि छोटे कवचधारी खातो. एकाच थव्यात दोघं दिसले तरी नीट बघितल्यास छोट्यांचा घोळका वेगळ्या रंगाच्या पाण्यावर असतो.

आगरांच्या बांधांवरून चालताना काठ सोडून चाला. ते मातीचे असतात, कडा आतून पोखरलेल्या असतात. आणि कामगारांची वाट अडवू नका, सकाळी त्यांचीही घाई असते.

---

भटकी_जीप

एवढं कशाला? फोर बाय फोर घ्या आणि थेट पात्रात घाला. मैदानासारखं सपाट आहे, पांढरं दिसतं तिथे दगडासारखं कडक. पक्ष्यांपासून शंभर मीटरवर जाता येतं, स्कोपसुद्धा लागत नाही.

---

पाणभोवरा

भटकी_जीप, हा सल्ला मागे घ्या. पांढरं म्हणजे कडक, हीच तिथली सर्वांत महाग चूक.

मिठाचा थर पुष्कळ ठिकाणी बोटभर जाडीचा असतो, खाली काळा गाळ. वरचं ऊन थर वाळवतं, खालचा गाळ महिनोन्महिने ओला राहतो. माणूस चालतो म्हणून गाडी चालेल असं नाही, आणि जाताना पेललेला थर परतताना पेलेलच असं नाही, कारण पहिल्याच फेरीत तो तडकलेला असतो.

पायी उतरणार असाल तर काठी घ्या आणि दर दहा पावलांवर टोचा. कोरड्या भेगांचे षटकोन, कडा वर वळलेल्या, रंग फिका: बरं. सपाट, चमकदार, थोडा गडद, पावलाखाली हलल्यासारखा: मागे फिरा. गुरांच्या ताज्या खुणा दिसल्या तर त्या वाटेने चाला, गुरं सहसा फसव्या जागी जात नाहीत. पाय घोट्याच्या वर रुतला तर ओढून काढू नका, बूट तिथेच राहतो. मागे बसा, वजन पसरा, टाच हलवून हवा आत जाऊ द्या, मग काढा.

गाडी मळलेल्या चाकोरीतच ठेवा. तरीही रुतली तर रेस देऊ नका, चाक स्वतःची कबर खणतं. टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढचा गाळ हाताने काढा, पोती किंवा पायपुसणी घाला, आणि आलात त्याच खुणांवरून उलटं निघा. डांबरी रस्त्यावर येताच हवा भरा, म्हणून पंप बरोबर हवा. घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ सायलेन्सर खातं.

नाव्याकडे पात्रात बोअरवेल आणि त्यांच्या विजेच्या तारा जमिनीवरूनच ओढलेल्या आढळतात. ओल्या मिठावर उघडी तार म्हणजे काय ते सांगायला नको. तार दिसली की ओलांडू नका, वळसा घाला.

आणि 'शंभर मीटरवर जाता येतं' हे पक्ष्यांना विचारलंय का? पायी माणसाला रोहित साधारण दीडशे ते दोनशे मीटरवर अस्वस्थ होतात. आधी खाणं थांबतं आणि माना वर येतात. मग सगळा थवा एका दिशेला शिस्तीत चालायला लागतो, बघायला छान वाटतं, पण तो तुमच्यापासून दूर जाणं असतं. तिसरी पायरी उडणं. माना वर आल्या की थांबायचं, खाली बसायचं, पाच मिनिटांनी खाणं सुरू झालं तर तिथूनच बघायचं. पुढे सरकायचंच असेल तर सरळ रेषेत नको, तिरकं. उडायला रोहिताला पाण्यावर बरीच धाव घ्यावी लागते, दिवसातून चारदा उडवलात तर त्याचं पोट कसं भरणार? ड्रोनचा तर विचारही करू नका.

---

शेकाट्या

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जीप रद्द, बांध पक्का. आणखी दोन शंका. स्कोप ६५ चा आहे, ६० पटीपर्यंत जातो. दुपारी भिगवणलासुद्धा चित्र उकळल्यासारखं दिसतं, इथे काय होईल? आणि मोठा-छोटा रोहित लांबून वेगळे कसे करायचे? चोच दिसली तर जमतं, दिसत नाही तेव्हा गोंधळ होतो.

---

टिलवा

उकळणं वाढेल. कोरडं मीठ आणि त्यालगतची हवा वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि तुमची नजर त्या हवेच्या थरांतून जमिनीला घासून जाते. स्कोप ६५ चा असो की ९५ चा, हवा तीच. साडेनऊ-दहाच्या पुढे ६० पट निव्वळ शोभेची, २५-३० वर ठेवा. चित्र लहान दिसेल पण त्यातलं जास्त वाचता येईल. उपाय तीन. उंचावर जा, म्हणजे नजर तापलेल्या थरातून कमी वेळ जाते. म्हणूनच बांध आणि टेकाड. नजर कोरड्या मिठावरून न नेता पाण्यावरून न्या, पाण्यावरची हवा शांत असते. आणि वारा असेल तर थांबा, झुळकीबरोबर मधेच दोन-तीन सेकंद चित्र लख्ख होतं, तेवढ्यात बघायचं. सकाळी पोचल्यावर लेन्स थेट गाडीच्या हीटरमधून बाहेर काढू नका, नळीच्या आतली गरम हवाही तेवढीच उकळते. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

चारशे मीटरवरून दुपारी ६०० मिमीने काढलेला फोटो मऊ येतो, त्यात लेन्सचा दोष नाही. दुकानात कॅलिब्रेशनला नेऊ नका. उजेडाचं मात्र सांभाळा: पांढऱ्या मिठावर कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करतो, तिथे एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एक स्टॉपपर्यंत वाढवा. उलट गडद पाण्यावर पांढरा मोठा रोहित फोटोत जळतो, तिथे अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. एकाच थव्याला दोन पार्श्वभूमी असतात, त्यामुळे सेटिंग लावून विसरू नका.

धुकं हा वेगळा विषय. जानेवारीत काही सकाळी नऊपर्यंत शंभर मीटरही दिसत नाही. अशा दिवशी मोठं पाणी सोडून गावालगतच्या छोट्या तळ्यांवर जा.

आता रोहित. चोच दिसली तर प्रश्नच नाही: मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं, छोट्याची गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. चोच दिसत नसेल तर या क्रमाने बघा.

आकार: मोठा उभा राहिला तर १२० ते १४५ सेंटिमीटर, छोटा ८० ते ९०. पण एकट्या पक्ष्यावर आकाराने निर्णय नको, मोठ्यातली मादी नरापेक्षा बरीच बुटकी असते. शेजारी दुसरा हवा.

मान: मोठ्याची लांब, सडपातळ, इंग्रजी 'एस'सारखी. छोट्याची आखूड आणि जाड वाटते, सगळा पक्षी गोळीबंद.

खाणं: शेकडो मीटरवरूनही दिसणारी हीच खूण. मोठा डोकं पूर्ण बुडवतो, पाय आपटत एका जागी गोल फिरतो, तळाशी वाटोळे खळगे करतो. छोटा चोच पृष्ठभागावर ठेवून डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखा चालतो, खोल पाण्यात पोहतसुद्धा. पोहत पोहत पृष्ठभाग झाडणारा दाट गुलाबी थवा दिसला की पुष्कळदा तो छोट्यांचाच.

रंगावर मात्र विसंबू नका. पहाटेच्या उजेडात सगळेच गुलाबी असतात. पिल्लं करडी-तपकिरी, पायसुद्धा करडे. ती दोन्ही जातींची सारखीच मळकी दिसतात, तिथे पुन्हा चोचीकडेच जावं लागतं. छोट्याच्या पिल्लाची चोच सबंध गडद, मोठ्याच्या पिल्लाची करडी आणि टोक काळं. तरी जमलं नाही तर यादीत 'रोहित, जात अनिश्चित' लिहा. त्यात कमीपणा नाही.

रोहितांच्या नादात पायाशी फिरणारे चिमुकले पाणपक्षी सोडू नका, सांभरची खरी परीक्षा तिथे आहे. एक इशारा: पायांच्या रंगावर ओळख करायची सवय असेल तर इथे फसाल, पायांवर चिखल-मिठाचा थर बसलेला असतो. लिटल स्टिंटचे काळे पाय करडे दिसतात, टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर पाय काळे. त्याऐवजी पाठ आणि जागा बघा. टेमिंक्सची पाठ एकसुरी मातकट, छातीवर करडा पट्टा, आणि तो उघड्या मिठावर क्वचितच, गोड्या पाण्याच्या गवती कडेला जास्त. केंटिश चिखल्याच्या मानेमागून पांढरी कॉलर पूर्ण फिरते, सँड प्लोव्हरला ती नसते. मार्श सँडपायपरची चोच सुईसारखी सरळ, ग्रीनशँकची जाड आणि किंचित वर उचललेली.

थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं दिसतीलच. काठाबाहेरच्या कोरड्या माळावरही अर्धा तास द्या. धाविक, पखुर्डी, वाळवंटी रणगोजा, खाटीक हे पाण्याकडे पाठ करून बघायचे पक्षी आहेत.

---

खारेपाट

टिलवांच्या पोस्टला सामानाची पुरवणी. ट्रायपॉड चिखलात रोवताना सर्वांत खालचा, बारीक टप्पा आधी पूर्ण उघडा आणि उंची वरच्या टप्प्यांनी कमी-जास्त करा. असं केलं की सांधा चिखलाच्या वर राहतो. उलट केलंत तर खारं पाणी लॉकमध्ये शिरतं आणि दोन दिवसांत तो जाम होतो. रोज संध्याकाळी पाय गोड्या पाण्याने धुऊन उघडे ठेवून वाळवा. लेन्सवर मिठाची धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवा, कोरड्या कापडाने पुसलंत तर तो घासकागदच.

कातडी बूट घरी ठेवा. काकूंना घोट्यापर्यंतचे रबरी बूट, आत जाड मोजे. टोपी असूनही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली चेहरा भाजतो, कारण ऊन खालून मिठावरून येतं. तिथेही क्रीम लावा. पाणी माणशी तीन लिटर. थंडी आहे म्हणून कमी नेतात, आणि ओठ फुटल्यावर आठवण येते.

---

गणकर

यादी ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर मोजणीबद्दल दोन गोष्टी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनाही असते, त्यामुळे त्या दिवसांतला नीट मोजलेला आकडा खरोखर उपयोगी पडतो.

डोळ्यांनी 'पाचेक हजार असतील' म्हणणं म्हणजे अंदाजपंचे. दाट थव्यात माणूस बहुतेक वेळा कमीच धरतो. आधी दहा पक्षी एकेक मोजा आणि ते दुर्बिणीच्या दृश्यात किती जागा घेतात ते डोळ्यांत भरा. मग दहाच्या दहा तुकड्या म्हणजे शंभराचा ठोकळा. तो ठोकळा थव्यावर डावीकडून उजवीकडे मांडत जा. ठोकळा थव्याच्या मधल्या भागातून घ्या, विरळ कडेवरून नाही. चालत्या थव्यात तुम्ही थव्याच्या उलट दिशेने मोजा, त्यांच्याबरोबर मोजलंत तर तेच पक्षी पुन्हा येतात. दोघांनी स्वतंत्र मोजा, आकडे शेवटी सांगा. वीस टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. जमलं तर थव्याचे एकमेकांवर थोडे चढलेले फोटो काढून घरी पडद्यावर मोजा, आणि हाताचा अंदाज किती चुकला ते बघा.

दुबार मोजणी इथे फार होते, कारण बांधावरून दिसलेला थवा दुपारी शाकंभरीसमोर असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणची यादी वेगळी ठेवा, वेळ लिहा, बेरीज करू नका. वारा कुठून होता तेही लिहा. जोराचा वारा उथळ पाण्याची चादर एका काठाकडे ढकलतो, दुसऱ्या काठाला नवा चिखल उघडा पडतो, आणि दोन तासांत सगळे चिखले तिकडे गेलेले असतात. 'सकाळी होते, दुपारी गायब' याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

---

रणगोजा

पाचवा प्रश्न राहिलाच.

२०१९ च्या नोव्हेंबरात जे झालं तो एव्हियन बोट्युलिझम (पक्ष्यांना लुळं पाडणारी जंतूची विषबाधा), बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केलं. अठरा हजारांवर पक्षी गेले. मेलेल्यांत चिखल आणि उथळ पाणी टिपणारे जास्त: थापट्या, चिखल्या, शेकाट्या, अव्होसेट. याचा जंतू गाळात एरवीही असतो. उबदार दिवस, प्राणवायू नसलेला गाळ आणि कुजणारं काहीतरी मिळालं की तो विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यावर माश्यांच्या अळ्या होतात, त्या विष साठवतात पण स्वतः मरत नाहीत, आणि पुढचा पक्षी त्या अळ्या खातो. चार-दोन अळ्याही बदकाला पुरतात. म्हणजे एक मढं उचललं नाही तर दहा होतात. त्यामुळे मढी वेळेत उचलणं हाच खरा उपाय, आणि ते वनखात्याचं आणि पशुसंवर्धनवाल्यांचं काम.

धोक्याचा काळ पावसाळ्यानंतरची ऊब, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. जानेवारीच्या थंडीत शक्यता कमी, शून्य नाही. ओळखायच्या खुणा: पक्षी उडत नाही, पंख पसरून पाण्यावर वल्हवल्यासारखा सरकतो, पाय मागे लोळतात, मान धरता येत नाही, शेवटी डोकं पाण्यात पडून बुडतो. जखम कुठेच नाही. असे दोन-तीन दिसले तरी हात लावू नका (बर्ड फ्लू आहे की बोट्युलिझम हे डोळ्यांनी कळत नाही), लांबून फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, जात आणि संख्या एवढं टिपून वनखात्याच्या चौकीवर लगेच कळवा. समाजमाध्यमावर नंतर. त्या दिवशी दुसऱ्या पाणथळीवर जाणार असाल तर आधी बूट आणि ट्रायपॉडचे पाय धुवा.

---

शेकाट्या

सगळं वहीत उतरवलं. एकच शेवटचं: गाडी जयपूरहूनच करावी का?

---

पाणभोवरा

जयपूरहून सांभरपर्यंत कुठलीही चालेल. काठावर फिरायला मात्र सांभरमधलाच चालक आणि उंच तळाची गाडी घ्या. यंदा कुठला रस्ता पाण्याखाली आहे, कुठला गाळात, हे त्यालाच ठाऊक असतं, उपग्रहाच्या चित्रालाही नाही. ठरवतानाच सांगा की पहाटे सहाला निघायचं आहे, पक्ष्यांकडे गाडी न्यायची नाही, आणि हॉर्न वाजवायचा नाही. तिसरी अट दोनदा सांगा.